कुठं जायचं ते न सांगणारी हाक

कापूस वेचून, घरचं आटोपून आत्ता कुठं टेकल्या असाल. आज आपण कर्ज, व्याज, हप्ता यातलं काही बोलणार नाही. आज थोडा इतिहास सांगायचा आहे.

आमच्या गटांच्या बैठकांत एक गोष्ट नेहमी निघते. यवतमाळात मिशनच्या एवढ्या जुन्या जागा आहेत, उमरीला मिशनचा दवाखाना आहे, ही माणसं इकडं आली कशी? आणि आपल्यातली काही माणसं त्या वाटेनं गेली, ती का गेली? आमच्या गटांत माळकरी बाया आहेत, बौद्ध आहेत, बंजारा आहेत, कोलाम आणि गोंड आहेत, मुसलमान आहेत, रविवारी चर्चमध्ये जाणाऱ्याही आहेत. कुणी कुठल्या देवाला हात जोडावे हे सांगायला आम्ही बसलो नाही. पण एक माणूस अचानक उठून एका हाकेच्या मागं निघून जातो, तेव्हा त्याच्या घरातल्या बाईचं काय होतं, हे मात्र आपल्या सगळ्यांच्या कामाचं आहे. म्हणून ही गोष्ट.

ख्रिस्ती धर्मात येशूच्या पहिल्या शिष्यांची कथा सांगतात. गालील नावाचं मोठं तळं. तिथं शिमोन आणि अंद्रिया हे दोघं भाऊ जाळं टाकून मासे धरत होते. येशू काठानं जाता जाता त्यांना म्हणाला, माझ्या मागं या. त्यांनी जाळी तिथंच टाकली आणि निघाले. पुढं याकोब आणि योहान भेटले, तेही बापाला होडीत सोडून निघाले. कुठं जायचं, किती दिवस, खायचं काय, कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. चर्चमध्ये ही कथा श्रद्धेचा नमुना म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण आम्हा बायांना पहिला प्रश्न दुसराच सुचतो. त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या घरी चूल पेटली का?

हा प्रश्न उगाच नाही. शिमोनाची, म्हणजे पुढं ज्याला पेत्र म्हटलं त्याची, सासू तापानं फणफणली होती आणि येशूनं तिला बरं केलं, असं बायबलातच आहे. सासू होती म्हणजे बायकोही होती. तिचं नाव कुठं आलेलं नाही. बऱ्याच वर्षांनंतरच्या पौलाच्या एका पत्रात एवढाच उल्लेख येतो की पेत्र फिरतो तेव्हा त्याची बायको बरोबर असते. म्हणजे तीही कधीतरी त्या वाटेला लागली. कधी लागली, मनानं लागली की नाइलाजानं, ते लिहून ठेवायचं कुणाला सुचलं नाही.

अशी हाक आपल्या मुलखाला नवी नाही. सातशे-आठशे वर्षांपूर्वी चक्रधर स्वामींच्या मागं माणसं घरदार सोडून निघाली, त्यांत महदाईसेसारख्या विधवा बाया होत्या. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला आजही महानुभाव पंथाची माणसं जातात. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांच्या मागं गेलेल्या आज्या तर आपल्या कित्येक घरांत होत्या. पुढं काय होणार ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. धर्म बदलला म्हणून अनुसूचित जातीच्या केंद्राच्या सवलती गेल्या, त्या १९९० साली कायदा बदलल्यावर बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्या दलितांना त्या आजही नाहीत. हाकेची किंमत अशी रेशनकार्ड आणि दाखल्यापर्यंत येते.

आता आपल्या भागातल्या मिशनकडे वळू. १८८१ साली अर्नेस्ट वॉर्ड आणि फीबी वॉर्ड हे तरुण अमेरिकन जोडपं बऱ्हाणपूरला उतरलं. फ्री मेथडिस्ट पंथाचे हे भारतातले पहिले मिशनरी. ना भाषा येत होती, ना कुणी ओळखीचं होतं. पुढं याच फ्री मेथडिस्ट मिशननं यवतमाळ आपलं ठाणं केलं. तेव्हा आपल्या जिल्ह्याला वणी जिल्हा म्हणत, यवतमाळ जिल्हा हे नाव १९०५ साली मिळालं. शाळा आल्या, दवाखाना आला, आणि १९५३ पासून यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, म्हणजे पाद्री घडवणारं मोठं विद्यालय. देशभरातून मुलं इथं शिकायला येत. १९८३ साली ते पुण्याला गेलं.

पण अर्नेस्ट वॉर्ड यांचं नाव मराठीत अजरामर झालं ते दुसऱ्याच कारणानं, आणि ते घडलं रेल्वेच्या डब्यात.

नागपुरात तेव्हा नारायण वामन टिळक नावाचे एक ब्राह्मण कवी राहत होते. लोकमान्य टिळक वेगळे, हे वेगळे. यांचा जन्म १८६१ सालचा, कोकणातल्या करजगावचा. संस्कृत पक्कं, वाणी गोड, राग नाकावर, आणि एका जागी पाय ठरत नाही असा माणूस. नागपूरच्या अप्पासाहेब बुटींनी त्यांना संस्कृत ग्रंथांच्या कामाला ठेवलं होतं, ‘ऋषी’ नावाचं मासिकही ते चालवत. ते काम सुटलं आणि टिळक नोकरीसाठी राजनांदगावला निघाले. साल १८९३ च्या आसपासचं. डब्यात एक गोरा माणूस बसलेला. तो आपल्या जागेवर सरकून बसला, बोलायला लागला, कवितेवर बोलला, हिंदू धर्माबद्दलही आदरानं बोलला. उतरताना त्यानं टिळकांच्या हातात धर्मपुस्तक ठेवलं आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना राग आला असावा. पण शब्द दिला होता म्हणून पुस्तक वाचायला घेतलं, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर ते अडकलेच. तो गोरा माणूस म्हणजे अर्नेस्ट वॉर्ड.

१० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षं जेमतेम झाली होती.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळ ठिकाणी लिहिलेली आहे. टिळकांची हाक, टिळकांचा निर्णय. आपण थांबायचं ते त्यांच्या बायकोपाशी. त्यांचं नाव लक्ष्मीबाई.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेर गोखल्यांचं, नाव मनू. आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडात इंग्रजांनी फाशी दिलं होतं. त्या धक्क्यानं मनूच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही, याला शिवायचं नाही, त्याच्या सावलीलाही जायचं नाही. घरातल्या बाया त्या सोवळ्यापायी पिचून गेल्या होत्या. शाळा कसली न् काय कसलं. १८८० साली, अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न झालं. अक्षरं शिकल्या त्या पुढं नवऱ्याकडून, रडतखडत.

संसार म्हणजे फिरता तमाशा. नवरा आज इथं, उद्या तिथं. हातात पैसा आला की दिसेल त्याला द्यायचा. लक्ष्मीबाई मीठमिरची जमवायच्या आणि टिळक कवितेच्या नादात बाहेर. पण जीव एकमेकांत होता, ते त्यांच्या लिहिण्यातून जागोजागी दिसतं. आणि असा नवरा एक दिवस मुंबईला गेला आणि ख्रिस्ती झाला. बायकोला आधी विचारलं नाही. बातमी आली ती दुसऱ्यांकडून.

त्या वेळी ब्राह्मण घरात याचा अर्थ काय, ते नीट समजून घ्या. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या घरात जाता येत नाही, त्याच्या हातचं पाणी चालत नाही. कपाळाला कुंकू आहे आणि जगणं विधवेचं. पदरात लहानगा दत्तू. माहेरच्यांनी आणि नातेवाइकांनी लक्ष्मीबाईंना पंढरपूरला नेलं, डोळ्यांत तेल घालून जपलं, कारण पोरगी जिवाचं काही करून घेईल अशी भीती होती. सगळे म्हणायचे, विसर त्याला. टिळकांनी दुसरं लग्न केलं नाही. पत्रं येत राहिली. लक्ष्मीबाईंना कविता सुचायला लागली ती याच काळात. दुःख कुणाशी बोलायची सोय नव्हती, मग ते ओवीत आणि आर्येत उतरलं.

आमच्या मते या सगळ्या गोष्टीचा गाभा पुढच्या चार-साडेचार वर्षांत आहे. नवऱ्यानं हाक ऐकली म्हणून बायकोनं मागं जावं, असं लक्ष्मीबाईंनी केलं नाही. नातेवाईक म्हणतात म्हणून नवऱ्याला सोडावं, असंही केलं नाही. त्या नवऱ्याकडे नगरला परत आल्या, पण आपला धर्म आणि आपलं सोवळं घेऊन आल्या. चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला पाहिजे. मग दोघांचं रोज भांडण आणि रोज बोलणं. नवरा काय म्हणतो त्यापेक्षा नवरा काय करतो, हे त्या बघत राहिल्या.

आणि अडलं होतं कुठं? येशूपाशी नव्हे, जातीपाशी. वडिलांच्या घरी सगळं धुऊन घेणाऱ्या मुलीला कुणाच्याही हातचं कसं खायचं, हा खरा डोंगर होता. त्यांनी लिहिलंय की एकदा विचार करता करता त्यांच्या मनानं घेतलं, माणूस म्हणून सगळे एकाच रीतीनं जन्माला येतात, तर ही जात देवानं केलेली नाही, ती माणसांनीच केली. हे एकदा पटल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचं पाणी प्यायला सुरुवात केली. कुणी पाद्री समोर बसून सांगत नव्हता. पुस्तकातून उचललेलं नव्हतं. बाई एकटीनं विचार करत त्या जागी पोचली. मग १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागून पाच वर्षांनी, पण स्वतःच्या पायांनी.

आमच्या गटांत एखादीला विचारलं, हा ठराव तुला मान्य आहे का, तर पुष्कळदा उत्तर येतं, घरी विचारून सांगते. लक्ष्मीबाईंच्या पुढचा ठराव केवढा होता बघा. आणि उत्तर द्यायला त्यांनी स्वतःला वेळ घेतला. त्या वेळात त्यांना सासर आणि माहेर दोन्हीकडून बोल लागले, ते त्यांनी सोसले.

पुढं कुठं जायचं हे टिळकांनाही माहीत नव्हतं आणि लक्ष्मीबाईंनाही. मिशनचा पगार बेताचा, त्यात टिळकांचा हात सैल. घरात आल्यागेल्याची रीघ. नगर जिल्ह्यात प्लेग आला, दुष्काळ आला. अनाथ पोरी घरात आल्या त्या लक्ष्मीबाईंनी पोटच्यासारख्या सांभाळल्या. बालकवी ठोंबरे हे आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहेत, तेही तरुणपणी या घरात राहिले. ब्राह्मणाचा मुलगा ख्रिस्त्याच्या घरी जेवतो, यावर तेव्हा लोक काय बोलले असतील याची कल्पना तुम्हीच करा. लक्ष्मीबाईंनी त्याला माया लावली, तो रुसला की समजूत घातली. इकडे टिळकांनी येशूवर मराठी अभंग आणि भजनं लिहिली, टाळ-चिपळ्या घेऊन कीर्तनं केली. आजही मराठी चर्चमध्ये जी गाणी म्हणतात त्यांतली पुष्कळ टिळकांची आहेत. येशूच्या मागं जायचं तर इंग्रज व्हायची गरज नाही, तुकोबाच्या वाटेनंही तिथं जाता येतं, असं त्यांचं म्हणणं.

त्याच सुमारास दुसरी एक बाई अशाच हाकेच्या मागं चालली होती, तिचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पंडिता रमाबाई. जन्म १८५८. वडिलांनी घरातल्या बायांना संस्कृत शिकवलं, पण दुष्काळात आईबाप गेले, आणि ही मुलगी भावाबरोबर देशभर पायी फिरली. कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. लग्न झालं, मुलगी झाली, आणि दोन वर्षांच्या आत नवरा पटकीनं गेला. १८८३ साली डॉक्टर व्हायचं म्हणून विलायतेला गेल्या, तर कानानं दगा दिला, ऐकू येईना, डॉक्टरकी राहिली. त्याच वर्षी तिथं बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, ते पुढं पुण्याला नेलं. १८९६-९७ ला मध्य प्रांतात, म्हणजे आपल्याला लागून असलेल्या मुलखात, दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः लहानपणी उपाशी राहिलेल्या. त्या उठल्या आणि भुकेल्या पोरी, विधवा घेऊन येऊ लागल्या. ठेवायच्या कुठं हे ठरलेलंच नव्हतं. पुण्यात प्लेगमुळे सरकार गर्दी होऊ देईना. मग केडगावला शेतजमीन घेतलेली होती तिथं झोपड्या टाकल्या. मुक्ती मिशन उभं राहिलं ते असं, नकाशा काढून नव्हे. पुढं तिथं दीड-दोन हजार बायामुली राहत होत्या, शेती करत होत्या, विणत होत्या, छापखाना चालवत होत्या. रमाबाईंनी मूळ भाषा शिकून बायबलाचं मराठी भाषांतर केलं. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई. वर्षानुवर्षं जपलेलं काम सांभाळायला ज्या मुलीला तयार केलं, तीच आधी गेली. हाकेनं हेही आधी सांगितलं नव्हतं.

परत टिळकांकडे येऊ. १९१७ साली, पन्नाशी उलटल्यावर, टिळकांनी पुन्हा एकदा सगळं सोडलं. या वेळी मिशनचाच पगार सोडला. साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा झालेला असो की नसो, जो येशूच्या मागं जाऊ इच्छितो तो यात यावा, असा तो विचार. विचार मोठा होता, पण घरात पैसा यायची वाट बंद झाली. १८९५ साली न विचारता गेलेला नवरा बावीस वर्षांनी पुन्हा निघाला होता. फरक एवढाच की आता लक्ष्मीबाई आपल्या मतानं बरोबर होत्या, आणि जे पटायचं नाही ते तोंडावर सांगत होत्या. दरबार फार दिवस चालला नाही. ९ मे १९१९ ला टिळक मुंबईत गेले.

टिळक ‘ख्रिस्तायन’ नावाचं येशूच्या चरित्राचं मोठं काव्य लिहीत होते. ते सुरुवातीच्या अध्यायांपर्यंतच आलं होतं. पन्नाशीला आलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढं नेलं. त्यातला मोठा भाग त्यांच्या हातचा आहे. संस्कृत पंडित नवऱ्याची अर्धी राहिलेली पोथी बायकोनं पुढं नेली, असं आपल्याकडे किती वेळा झालं असेल?

मग मुलगा दत्तू, म्हणजे देवदत्त, मागं लागला, आई, बाबांच्या आठवणी लिहून काढ. आठवणी नवऱ्याच्या लिहायला घेतल्या आणि त्यातून बाईचीच गोष्ट बाहेर आली. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागानं छापलं गेलं. बोलीभाषेत, जसं आपण ओट्यावर बसून सांगतो तसं. नवऱ्याचं कौतुक आहे, त्याच्या तऱ्हेवाईकपणावर हसणंही आहे, स्वतःवर तर सगळ्यात जास्त हसणं आहे. रडगाणं कुठंच नाही. इतकं सोसून माणूस असं हसतं कसं, हे आम्हाला अजून उलगडलेलं नाही. १९५० साली हे पुस्तक इंग्रजीत आलं, तेव्हा त्याला जे नाव दिलं त्याचा मराठीत अर्थ होतो, मी मागोमाग जाते. कुणाच्या मागोमाग, नवऱ्याच्या की येशूच्या, ते नावात नाही. पुस्तक वाचताना दोन्ही अर्थ मनात येतात. शेवटचा भाग छापून यायच्या आधीच, २४ फेब्रुवारी १९३६ ला लक्ष्मीबाई गेल्या.

‘स्मृतिचित्रे’ बाजारात मिळतं, तालुक्याच्या वाचनालयातही विचारून पाहा. भाषा सोपी आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एकीनं मोठ्यानं वाचावं, असंच ते पुस्तक आहे. आमच्या काही गटांनी हप्ता भरून झाल्यावर रोज चार पानं वाचायचं ठरवलं आहे. सुरुवात मनूच्या वडिलांच्या सोवळ्यापासून होते. तिथं हसू आवरणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.